व्हिटॅमिन डी ९ आणि ईसीजीवर 'प्रोलाँग्ड क्यूटी' – दोन्हीचा खरंच संबंध असतो का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. माझी आई, वय ६३, सांगलीजवळ गावी असते, मी पुण्यात. गेले काही महिने तिला मधूनच छातीत धडधडतं. ठोका चुकल्यासारखा होतो आणि पुढचा एकदम जोरात बसतो असं ती सांगते, आणि हे जिना चढताना नाही तर रात्री आडवं पडल्यावर जास्त. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, शुगर नाही. तालुक्याच्या लॅबमधून ते फुल बॉडी पॅकेज केलं त्यात बाकी ठीक पण व्हिटॅमिन डी ९ आलंय, लाल अक्षरात. मग तिथेच एका डॉक्टरांकडे ईसीजी काढला तर मशीनने वर छापलंय 'प्रोलाँग्ड क्यूटी', क्यूटीसी ४९१. डॉक्टर म्हणाले कार्डिऑलॉजिस्टला दाखवा, त्यांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळालीय.

आता नातेवाईकांचं सुरू झालंय. एक मामा म्हणतात डी कमी झालं की हृदयाचा करंट बिघडतोच, ६० हजार युनिटवाली पावडर आठवड्याला दोनदा घ्या, कार्डिऑलॉजिस्ट वगैरे काही लागत नाही. शेजारच्या काकू म्हणतात एकदाच सहा लाख युनिटचं इंजेक्शन मारून घ्या, विषय संपला. मी नेटवर क्यूटी वाचलं तर पहिल्याच ओळीत अचानक मृत्यू वगैरे, रात्रभर झोप नाही. डी कमी असल्याने ईसीजी असा येऊ शकतो का, आणि अपॉइंटमेंटच्या आधी काय काय तपासून ठेवावं, कोणी नीट सांगेल का प्लीज.

बकुळ

ताई घाबरू नका. माझं डी ११ होतं, मलाही अशीच धडधड, अंगदुखी, थकवा. ६० हजाराचा आठ आठवड्यांचा कोर्स केला आणि धडधड पूर्ण गेली. माझा तर अनुभव आहे की संबंध असतो. आईंना लगेच सुरू करा.

लीड_टू

मी ईसीजी टेक्निशियन आहे, कोल्हापूरला. मशीनने छापलेल्या ओळीवर जाऊ नका, ते सॉफ्टवेअरचं वाक्य असतं, खाली डॉक्टरांनी बघून सही केली की तो रिपोर्ट. दोन गोष्टी सांगा. कागदावर 'रेट' किती लिहिलाय, आणि नुसता 'क्यूटी' (सी नसलेला) किती? आणि ईसीजी काढायच्या आधी आई किती वेळ पडून होत्या?

कृष्णाकाठ

रेट १००, क्यूटी ३८०. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद होती, चढून गेली आणि लगेच टेबलावर घेतलं. घाबरलेलीही होती खूप, हात गार पडले होते तिचे.

लीड_टू

वाटलंच होतं. आता कागद हातात घ्या, मी सांगतो तसं बघा म्हणजे तुम्हालाच कळेल. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो, म्हणजे एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंद आणि पाच बारीक मिळून जो मोठा चौकोन होतो तो २०० मिलिसेकंद. लीड टू म्हणून जी पट्टी आहे त्यात दोन उंच टोकांमधलं अंतर मोजा, आईंचं तीन मोठे चौकोन भरेल, कारण ३०० भागिले तीन म्हणजे रेट १००. आता उंच टोकाच्या लगेच आधी जिथे रेघ हलायला लागते तिथपासून नंतरची जी बुटकी टेकडी असते (टी वेव्ह) ती खाली येऊन रेघेला टेकते तिथपर्यंत मोजा, साडेनऊ बारीक चौकोन येतील. साडेनऊ गुणिले ४० म्हणजे ३८०. हा झाला क्यूटी, म्हणजे खालच्या कप्प्यांचा करंट सुरू होऊन पूर्ण शांत व्हायला लागलेला वेळ.

रेट वाढला की क्यूटी आपोआप कमी होतो म्हणून रेटप्रमाणे दुरुस्ती करतात, तो 'सी' म्हणजे करेक्टेड. बहुतेक मशीनमध्ये बाझेटचं सूत्र असतं, १९२० सालचं, क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या सेकंदांच्या वर्गमूळाने भागायचं. इथे दोन ठोक्यांमध्ये ०.६ सेकंद, त्याचं वर्गमूळ ०.७७५, ३८० भागिले ते म्हणजे ४९१. पण हे सूत्र रेट जास्त असला की फुगवून दाखवतं, आमच्याकडे सगळ्या टेक्निशियनना माहीत असतं. त्याच वर्षी आलेलं फ्रिडेरिशियाचं सूत्र आहे त्यात घनमूळ घेतात, त्याने काढलं तर ३८० भागिले ०.८४३ म्हणजे साधारण ४५१. बायकांमध्ये ४६० च्या आत असेल तर ठीक धरतात, पुरुषांमध्ये ४५०. ५०० च्या वर गेलं तर मात्र आम्ही पेशंटला टेबलावरून उठू देत नाही, आधी डॉक्टरांना फोन.

म्हणून सांगतो, आईंना दहा मिनिटं शांत पडू द्या, मग परत ईसीजी काढा. आणि जुना कुठला ईसीजी घरात असेल (बीपी सुरू झालं तेव्हाचा वगैरे) तो शोधून न्या, त्याच्याइतकं कामाचं काहीच नसतं.

कृष्णाकाठ

मोजलं. खरंच साडेनऊ आले. तुमचे आभार कसे मानू कळत नाही, कालपासून पहिल्यांदा जरा श्वास घेतला. जुना ईसीजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या फाइलमध्ये असणार, शोधायला सांगते.

डॉ_ओसरी

मी फिजिशियन आहे. लीड_टू यांनी फार छान समजावलंय. तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, डी आणि हृदयाचा करंट. संबंध आहे, पण तो सरळ नाही, मध्ये कॅल्शियम उभं आहे, आणि हाच मधला दुवा सगळे विसरतात.

हृदयाला कॅल्शियम लागतं हे कसं कळलं ते सांगण्यासारखं आहे. १८८२ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात ठेवून अभ्यास करत होते, आणि ते तासन् तास चालू राहायचं. नंतर लक्षात आलं की द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करायचं ते प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यात केलं जात होतं. डिस्टिल्ड पाण्यात केल्यावर हृदयाचं आकुंचन थोड्याच वेळात थांबायला लागलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हृदय चालवत होतं. १८८३ मध्ये त्यांनी ते छापलं. दवाखान्यात आपण जी 'आरएल' बाटली लावतो ना, त्यातला आर म्हणजे हेच रिंगर.

आता प्रत्येक ठोक्याला काय होतं. पेशीत आधी सोडियम झटक्यात आत येतं, मग कॅल्शियम सावकाश आत येत राहतं आणि त्या वेळात करंट वरच्या पातळीवर टिकून राहतो, शेवटी पोटॅशियम बाहेर जाऊन पेशी शांत होते. रक्तातलं कॅल्शियम फार कमी झालं की ही मधली सपाट पायरी लांबते. कॅल्शियमची दारं बंद व्हायला आत आलेलं कॅल्शियमच कारण होतं, तेच कमी असलं तर दारं बंद व्हायला वेळ लागतो. ईसीजीवर हे टेकडीच्या आधीच्या सरळ रेघेत (एसटी सेगमेंट) दिसतं, ती ताणल्यासारखी लांब होते, टेकडी मात्र नेहमीच्याच रुंदीची राहते. अशाने क्यूटी लांबतो. कॅल्शियम जास्त झालं तर उलट, ती रेघ जवळजवळ नाहीशी होते आणि क्यूटी आखूड.

मग डी कमी म्हणजे कॅल्शियम कमी का? बहुतेकांमध्ये नाही. डी नसेल तर आतडं जेवणातलं कॅल्शियम १० ते १५ टक्केच घेतं, पुरेसं डी असेल तर ३० ते ४०. पण रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात आणि ते हाडांच्या एफडीतून कॅल्शियम काढून रक्ताच्या चालू खात्यात टाकतं. हृदयाचं भागतं, भुर्दंड हाडांना बसतो. म्हणून डी ९ असलेल्या माणसाचं कॅल्शियम तपासलं तर बहुतेक वेळा नॉर्मल येतं आणि ईसीजीही नॉर्मल. डी ९ आणि क्यूटी लांब असं एकत्र दिसलं तर डीवर खापर फोडायच्या आधी कॅल्शियम बघायचं. ते नॉर्मल असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

अपॉइंटमेंटच्या आधी करून ठेवा: कॅल्शियम आणि सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन (अल्ब्युमिन ४ च्या खाली असेल तर प्रत्येक एका ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून वाचायचं), मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन. मॅग्नेशियम पॅकेजमध्ये सहसा नसतं, वेगळं सांगावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, अॅसिडिटीची, झोपेची, मेडिकलमधून परस्पर आणलेली, सगळी. मामांना सांगा डीची पावडर पळून जात नाही, पण या तपासण्या आधी.

चक्कर येऊन पडणं, धडधडीसोबत छातीत दुखणं किंवा धाप लागणं, यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी.

नाईटड्यूटी

डॉक्टरांना अनुमोदन. मी सर्जिकल वॉर्डला नर्स आहे, कॅल्शियम खरंच कमी झालं तर कसं दिसतं ते लिहिते कारण वाचून लोक प्रत्येक मुंग्यांना घाबरतात. थायरॉइड काढलेल्या पेशंटमध्ये आम्ही हे बघतो, ऑपरेशनमध्ये शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावतात म्हणून. दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणतो सिस्टर ओठांभोवती झिणझिण्या येतात, बोटांची टोकं बधिर वाटतात. मग बीपीचा पट्टा दंडाला बांधून वरच्या बीपीपेक्षा जास्त फुगवून तीन मिनिटं तसाच ठेवतात, आणि कॅल्शियम कमी असेल तर बघता बघता मनगट आत वाकतं, अंगठा तळहातात येतो, बाकी बोटं सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. पेशंटला सोडवायचं म्हटलं तरी सुटत नाही, पट्टा सोडला की हळूहळू मोकळं होतं. त्याला ट्रूसो साइन म्हणतात. अशा वेळी मॉनिटर लावून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळू, दहा मिनिटं घेऊन देतात, भरकन दिलं तर ठोके मंदावतात. नुसत्या डी कमी असलेल्या मोठ्या माणसात असं क्वचितच.

घरी हा पट्ट्याचा प्रयोग करत बसू नका कृपया, दुखतं आणि त्यावरून घरी निदान होत नाही.

सूर्यफूल

मी बरंच वाचलंय या विषयावर. हृदयाच्या पेशींवर व्हिटॅमिन डीचे रिसेप्टर असतात ही गोष्ट सिद्ध आहे, मग कॅल्शियम नॉर्मल असलं तरी डीचा थेट परिणाम असणारच की. आणि डी कमी असलेल्यांना हार्टचे त्रास जास्त होतात असे कितीतरी अभ्यास आहेत. माझ्या मते सगळ्यांनी डी ६० च्या वर ठेवावं, सोबत व्हिटॅमिन के२ आणि मॅग्नेशियम.

आकडेमोड

सूर्यफूल, रिसेप्टर असतात हे बरोबर आणि अभ्यास आहेत हेही बरोबर. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांमध्ये डी १५ च्या खाली असलेल्यांना हृदयविकाराचे प्रसंग जास्त झाले असं २००८ मध्ये आलं होतं. पण डी कमी कोणाचं असतं? जे घराबाहेर कमी पडतात, वजन जास्त आहे, आधीच आजारी आहेत त्यांचं. म्हणजे कमी डी हे आजाराचं कारण आहे की आजारपणाची खूण, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही. त्यासाठी अर्ध्यांना डी आणि अर्ध्यांना रिकामी गोळी देऊन काही वर्षं बघावं लागतं.

तसं झालंय. अमेरिकेत व्हायटल नावाची ट्रायल, २५,८७१ माणसं, रोज २००० युनिट डी३, पाच वर्षांच्या वर, हार्ट अटॅक-स्ट्रोक यात फरक नाही. त्याचाच एक भाग खास एट्रियल फिब्रिलेशनसाठी होता (वरच्या कप्प्यांचा करंट विस्कटतो ते, वय वाढेल तसं वाढतं), २०२१ मध्ये छापला, तिथेही फरक नाही. आणि फ्रॅमिंगहॅममध्येच २०११ साली डीची पातळी आणि एट्रियल फिब्रिलेशन यांचा संबंध सापडला नव्हता.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. फिनलंडची एक ट्रायल आहे, साधारण अडीच हजार वयस्कर लोक, तिथे रोज १६०० युनिट घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन २७ टक्के कमी आणि ३२०० घेणाऱ्यांत ३२ टक्के कमी दिसलं. पण ट्रायल त्यासाठी आखलेली नव्हती, नंतर आकडे काढून बघितले, आणि व्हायटल त्याच्या दहापट मोठी आहे. ऑस्ट्रेलियात २१ हजारांवर लोकांना महिन्याला एकदा ६० हजार युनिट दिले, तिथे हृदयाचे मोठे प्रसंग थोडे कमी झाल्यासारखे दिसले पण फरक इतका बारीक की नशिबाचा भागही असू शकतो. आणि एक लक्षात घ्या, या ट्रायलमधल्या बहुतेकांचं डी मुळात बरं होतं, आपल्याकडच्या ९ आणि ११ वाल्यांची संख्या तिथे फार थोडी. म्हणून मी म्हणेन अगदी कमी असलेल्यांचं डी भरून काढणं योग्यच, पण ६० च्या वर न्यायचा हट्ट कुठल्याच पुराव्यात बसत नाही.

बकुळ

मग माझी धडधड गेली ती कशाने? मला खोटं ठरवताय असं नाही म्हणत, पण खरंच गेली हो.

डॉ_ओसरी

बकुळ, तुमचा अनुभव खरा आहे, कोणी खोटं ठरवत नाहीये. अशी धडधड बहुतेक वेळा एक्टोपिक ठोक्यांची असते, म्हणजे वेळेआधी एक ठोका पडतो, मग जरा पॉज, आणि पुढचा जोरात. हे कितीतरी निरोगी लोकांना होतं आणि आपोआप येतं-जातं, झोप, चहा, ताण, अॅनिमिया याने कमीजास्त होतं. आठ आठवड्यांत तुमची अंगदुखी डीने नक्की गेली असेल, अंगदुखी गेली की झोप सुधारते, झोप सुधारली की एक्टोपिक कमी होतात, असंही असेल. त्या काळात लोहाची गोळी चालू होती का?

बकुळ

हो होती! हिमोग्लोबिन ८.६ होतं तेव्हा. ते मी विसरूनच गेले होते.

डॉ_ओसरी

मग धडधडीचं जास्त श्रेय मी लोहाला देईन. हिमोग्लोबिन परत एकदा बघून घ्या आता.

सूर्यफूल, के२ बद्दल एक कळकळीची विनंती. ज्यांच्या घरी कोणी वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल ही रक्त पातळ करायची गोळी घेतं (झडप बदललेली माणसं, एट्रियल फिब्रिलेशनवाले), त्यांनी के२ ची कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नका. त्या गोळ्या व्हिटॅमिन के अडवूनच काम करतात, वरून के दिलं की गोळीचा जोर कमी होतो आणि गुठळी होऊ शकते. डी आणि के२ एकत्र असलेल्या गोळ्या आता सर्रास मिळतात, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं ते वाचा.

आणि सहा लाखाचं इंजेक्शन. एक घेतलं म्हणून बहुतेकांना काही होत नाही, त्रास होतो तो पुन्हा पुन्हा घेतल्याने. गुडघा दुखला घे, थकवा आला घे, प्रत्येक दवाखान्यात नवीन. डी चरबीत साठतं, लवकर निघून जात नाही. मग कॅल्शियम १३-१४ वर जातं, माणूस तहानतो, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, उलट्या, वागणं बदलतं, किडनी बसते. डिगॉक्सिन (हृदयाची गोळी) घेणाऱ्यात तर जास्त कॅल्शियमने ठोक्यांची लय धोकादायक होऊ शकते. टीबी चालू असलेल्यांनीही सांगूनच डी घ्यावं, टीबीच्या गाठींमध्ये डीचं सक्रिय रूप तयार होतं आणि कॅल्शियम अनपेक्षित चढतं.

सूर्यफूल

के२ आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं हे मला माहीत नव्हतं. सासऱ्यांची झडप बदललीय. आजच त्यांचा डबा बघते.

रानवाट

माझाही एक प्रश्न, धाग्याला धरूनच. आमच्याकडे सोलापूरला ऊन म्हणजे विचारू नका, तरी आमच्या घरात सगळ्यांचं डी पंधराच्या आत. शेतात राबणाऱ्या काकूचंसुद्धा १४. उन्हाच्या देशात हे कसं?

आकडेमोड

ऊन असणं आणि ऊन कातडीला लागणं यात फरक पडतो. त्वचेत डी तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात, ते सूर्य वर असतानाच पुरेसे येतात, साधारण आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तेव्हा. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात फिरणं तब्येतीला चांगलंच पण डीसाठी त्याचा उपयोग फार थोडा. काचेतून यूव्हीबी येत नाही, म्हणजे खिडकीत बसूनही नाही. काकू शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून, डोक्याला-तोंडाला कापड बांधून जात असतील ना, मग उघडं काय राहतं? त्यात सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो. २००० साली दिल्लीत केलेल्या अभ्यासात भर उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी बरी होती आणि दवाखान्यात दिवसभर काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसची फार कमी. खाण्यातून म्हणाल तर बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक, आणि दुधाच्या-तेलाच्या पिशवीवर निळ्या रंगात 'प्लस एफ' छापलेलं असतं ते डी घातलेलं असतं. शाकाहारी घरात तेवढाच आधार.

रानवाट

अगदी असाच जाते काकू. पण तो शर्ट काढ म्हणून मे महिन्यात तिला कोण सांगणार, चटके बसतात. गोळीच बरी.

कृष्णाकाठ

मंडळी, जाऊन आलो काल. डॉ_ओसरी यांनी लिहिलेल्या सगळ्या तपासण्या आधीच करून नेल्या होत्या म्हणून डॉक्टरांचा वेळ वाचला आणि आमची दुसरी फेरी वाचली. शांत पडवून ईसीजी काढला, रेट ७२, क्यूटीसी ४४८ आला. जुन्या ईसीजीवर ४३० होता. कॅल्शियम ९.१, अल्ब्युमिन ४.१, म्हणजे एकदम व्यवस्थित. पण पोटॅशियम ३.२ आणि मॅग्नेशियम १.४, दोन्ही कमी!

मग पाकिटं काढली. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे (क्लोरथॅलिडोन), त्याने पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही लघवीतून जातं. शिवाय आई रोज सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची कॅप्सूल घेते, कोणीतरी कधीतरी आठवड्यासाठी लिहून दिलेली, ती मेडिकलमधून आणून तीन-चार वर्षं चालूच आहे, घरात कोणाला त्यात औषध आहे असंसुद्धा वाटत नव्हतं. तिच्यात पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन दोन्ही आहेत. डॉक्टर म्हणाले पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही, आणि डॉम्पेरिडोन स्वतःच क्यूटी लांबवू शकतं. म्हणजे तीन बाजूंनी चालू होतं आणि आम्ही डीला धरून बसलो होतो. कॅप्सूल बंद, बीपीची गोळी बदलली, पोटॅशियमचं सिरप आणि मॅग्नेशियम दिलंय, २४ तासांचं होल्टर (ठोके सतत नोंदवणारं यंत्र) लावलं त्यात एक्टोपिक ठोके आले पण धोक्याचं काही नाही, इकोही नॉर्मल. डी पण दिलंय, आठवड्याला एकच ६० हजार, आठ आठवडे, हाडांसाठी म्हणून, आणि मध्ये कॅल्शियम परत बघायचंय. इंजेक्शनला स्पष्ट नाही म्हणाले. क्यूटी लांबवू शकणाऱ्या औषधांची एक यादीही दिलीय, अॅझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑनडान्सेट्रॉन अशी, कुठल्याही दवाखान्यात गेलात तर ही औषधं द्यायच्या आधी ईसीजीबद्दल सांगायचं म्हणून. ती मी आईच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलीय.

लीड_टू

बरं वाटलं वाचून. ती यादी आणि जुना ईसीजी दोन्हीचे फोटो काढून स्वतःच्या फोनमध्येही ठेवा.

नाईटड्यूटी

ही अॅसिडिटीची कॅप्सूल प्रत्येक घरात आहे हो. कृपया वाचणाऱ्यांनी आपापल्या आईवडिलांच्या डब्यात बघा, नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर ते बहुतेक वेळा डॉम्पेरिडोन असतं. कितीतरी लोकांना वाटतं ते व्हिटॅमिन डी आहे! एकदम बंद करू नका, ज्यांनी लिहिली त्यांना विचारा की अजून लागते का.

हिरवाचाफा

खूप उशिरा लिहितेय, मी लेस्टरला असते, इंग्लंड. तीन महिन्यांचं बाळ आहे, पूर्ण अंगावरच पितं. हेल्थ व्हिजिटरने (बाळांची तब्येत बघणारी इथली नर्स) डीचे ड्रॉप्स रोज द्या सांगितलंय, सासूबाई (पुण्याहून आल्यात) म्हणतात आईच्या दुधात सगळं असतं, इतक्या लहान बाळाला औषध कशाला, तेल लावून उन्हात ठेवू. बाळाच्या हृदयाचा आणि डीचा काही संबंध असतो का, की हे फक्त हाडांचं?

डॉ_ओसरी

हिरवाचाफा, ड्रॉप्स द्या. मोठ्यांमध्ये मी वर इतकं सावध लिहिलं, पण बाळांमध्ये चित्र वेगळं आहे, इथे डी खरोखर हृदयापर्यंत पोचतं. २००८ मध्ये लंडनच्या बालहृदयरोगतज्ज्ञांनी सोळा बाळांची माहिती छापली. सगळी अंगावर पिणारी, सगळी दक्षिण आशियाई किंवा कृष्णवर्णीय कुटुंबांतली, बरीचशी हिवाळा संपता संपता दवाखान्यात आलेली. डी नाही म्हणून कॅल्शियम इतकं खाली गेलं की हृदय फुगून कमजोर पडलं होतं. सहा बाळांचं हृदय बंद पडलं, त्यातली तीन गेली. वाचलेल्यांचं हृदय कॅल्शियम आणि डी दिल्यावर सुधारत गेलं, म्हणजे हे वेळेत कळलं तर बरं होणारं आणि ड्रॉप्सने टाळता येणारं आहे. बाळाच्या हाडांत मोठ्या माणसासारखा साठा नसतो आणि मुळात आईचंच डी कमी असेल तर बाळ कमी घेऊनच जन्माला येतं.

सासूबाईंना सांगा आईचं दूध सर्वोत्तमच आहे, त्यात डी मात्र फार थोडं असतं. तिकडे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या उन्हात पुरेसं यूव्हीबीच नसतं, आणि तान्ह्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये असंच तिथेही सांगतात. तेल लावून मालिश त्यांना मनसोक्त करू द्या. पुण्यात असतात तरी हेच सांगितलं असतं, आपल्याकडेही पहिलं वर्ष रोज ४०० युनिटच देतात.

हिरवाचाफा

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या तीन बाळं गेली ऐकूनच पोटात गोळा आला, द्या द्या. तुमच्यामुळे घरातला वाद मिटला. त्यांनी येताना पुण्याहूनही एक बाटली आणलीय, तीच वापरू की इथली?

नाईटड्यूटी

इथलीच म्हणजे तिकडचीच वापरा, एकच बाटली ठेवा. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं, कुठे एका मिलीत ४०० युनिट, कुठे ८००, आणि काही बाटल्यांत एका थेंबातच ४००. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरला की बाळाला कितीतरी पट जातं. लेबलवर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट, तिकडे ८.५ ते १० सांगतात ते हेच. पुढे कधी पावडरचं दूध दिवसाला ५०० मिलीच्या वर गेलं तर हेल्थ व्हिजिटरला विचारा, त्यात डी घातलेलं असतं. आणि तुम्ही स्वतः घेताय ना रोजचं १० मायक्रोग्रॅम?

हिरवाचाफा

नाही घेत! मला वाटलं बाळापुरतंच. आजपासून घेते.